सर्वेक्षणाची मूळ छायाचित्रे सोप सेवेने पाठवायची आहेत: अटॅचमेंटसाठी कोणते टूलकिट निवडावे?

बॅलार्डकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका छोट्या सागरी सर्वेक्षण संस्थेच्या संगणकप्रणालीची देखभाल माझ्याकडे आहे. आमचे सर्वेअर न्हावाशेव्याला, पनवेलला आणि भिवंडीच्या गोदामांत जाऊन भिजलेल्या किंवा मोडतोड झालेल्या मालाची पाहणी करतात आणि प्रत्येक दाव्यासाठी अहवालाची पीडीएफ, बिल ऑफ लेडिंग व इन्व्हॉइस यांच्या स्कॅन प्रती आणि २५ ते ४० छायाचित्रे कार्यालयात आणतात. हे सारे आम्ही विमा कंपनीच्या सोप सेवेकडे (एक्सएमएलमधल्या संदेशांवर चालणाऱ्या वेब सेवेकडे) पाठवतो. आजवर छायाचित्रे लहान करून पाठवण्याची मुभा होती; आता मूळ छायाचित्रेच हवीत आणि एका दाव्याची सर्व कागदपत्रे एकाच विनंतीत यायला हवीत, अशी अट नव्या करारात आली आहे. त्यामुळे एका दाव्याचा आकार १४० एमबीच्या आसपास जातो.

आमचा जुना क्लायंट अ‍ॅक्सिस १.४ या जुन्या सोप टूलकिटवर लिहिलेला आहे. फाईल वाचायची, तिचे बेस६४ स्ट्रिंगमध्ये (फाईलचे बाइट साध्या अक्षरांत लिहिलेल्या रूपात) रूपांतर करायचे आणि ती स्ट्रिंग एक्सएमएलच्या एका घटकात भरायची, एवढेच तो करतो. गेल्या जुलैत नव्या अटीप्रमाणे चाचणी सुरू केली आणि तीन सर्वेअरांनी एकाच वेळी दावे पाठवताच सर्व्हर मेमरी संपल्याची त्रुटी देऊन बंद पडला. जावा ८ आहे आणि हीपला, म्हणजे जावाच्या वापरातल्या मेमरीला, २ जीबी दिलेले आहेत. त्या दिवशी दोन दाव्यांची मुदत असल्यामुळे आमच्या शिपायाने भर पावसात पेन ड्राइव्ह नेऊन दिला. ही वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही.

विमा कंपनीने दिलेल्या नव्या डब्ल्यूएसडीएलमध्ये (सेवेचे वर्णन करणाऱ्या फाईलीत) एमटॉम या अटॅचमेंटच्या पद्धतीचा उल्लेख आहे. माझ्यासमोर अ‍ॅक्सिस-२, सीएक्सएफ, मेट्रो आणि स्प्रिंग-डब्ल्यूएस असे चार पर्याय आहेत आणि चौघांच्याही वैशिष्ट्यांच्या यादीत अटॅचमेंटची सोय असल्याचे लिहिलेले आहे. आम्ही दोघेच जण हे काम पाहतो, त्यामुळे एकदा निवडलेले टूलकिट पुढची काही वर्षे निभावले पाहिजे. गरज पडल्यास जावा १७ वर जाण्याची तयारी आहे. ज्यांनी मोठ्या फाईलींसाठी यांपैकी काही प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सावधपाऊल यांचे उत्तर

बॅलार्डकर, आपण निवडीकडे वळण्याआधी सर्व्हर नेमका कशाने बंद पडला याचा हिशेब मांडून पाहू, कारण टूलकिट बदलूनही तीच चूक नव्या रूपात परत येते, हे मी दोनदा पाहिले आहे.

बेस६४ मध्ये प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात. म्हणजे १४० एमबीची सुमारे १८७ एमबी अक्षरे झाली. जावा ८ मध्ये स्ट्रिंगच्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागतात, म्हणून ती स्ट्रिंग ३७३ एमबीची झाली. (जावा ९ पासून साध्या लॅटिन अक्षरांना एकच बाइट पुरतो, पण आपण अजून ८ वर आहात.) त्याआधी मूळ फाईलींचे १४० एमबी मेमरीत होतेच आणि पाठवताना त्याच स्ट्रिंगचे पुन्हा बाइट केले, त्याचे आणखी १८७. एका दाव्यामागे साधारण ७०० एमबी, आणि तिघांनी एकदम पाठवले तर २,१०० एमबी. आपले २ जीबी त्याच क्षणी संपले. यात अ‍ॅक्सिसपेक्षा त्याच्यावर रचलेल्या पद्धतीचा दोष मोठा आहे.

एमटॉम ही पद्धत वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने जानेवारी २००५ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात फाईल एक्सएमएलच्या पोटात राहत नाही. संपूर्ण संदेश मल्टिपार्ट होतो, पहिल्या भागात सोपचे पाकीट असते, फाईलच्या जागी इनक्लूड नावाचा छोटा घटक येतो आणि त्यात पुढच्या कोणत्या भागाकडे पाहायचे त्याचा ओळखक्रमांक असतो. फाईलचे बाइट त्या पुढच्या भागात जसेच्या तसे जातात, म्हणून बेस६४ ची तेहतीस टक्के फुगवटही टळते. याआधीच्या २००० सालच्या ‘सोप विथ अटॅचमेंट्स’ पद्धतीतही फाईल बाहेरच असे, पण तिथे ती संदेशाच्या तार्किक रचनेचा भाग मानली जात नव्हती. एमटॉममध्ये ती एक्सएमएलचाच घटक आहे असे धरले जाते, म्हणून स्कीमा (एक्सएमएलच्या रचनेचे नियम), सही वगैरे गोष्टी तिला लागू होतात. मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेली डाइम ही पद्धत यांच्या मधल्या काळातली. ती आता विचारात घेण्याचे कारण नाही.

आता महत्त्वाचे. एमटॉम चालू केले म्हणजे मेमरी वाचली, असे होत नाही. डब्ल्यूएसडीएलवरून कोड तयार करताना फाईलच्या घटकाला बाइटांचा अ‍ॅरे हा प्रकार मिळाला, तर तारेवर एमटॉम असूनही आपल्या बाजूला पूर्ण फाईल मेमरीत येते. त्या घटकाला डेटाहँडलर हा प्रकार मिळाला पाहिजे, म्हणजे टूलकिट डिस्कवरून थोडे थोडे वाचून थोडे थोडे पाठवते. त्यासाठी स्कीमातल्या त्या घटकावर अपेक्षित आशयप्रकार म्हणून अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम अशी खूण असावी लागते. म्हणून चारही टूलकिटांना माझा एकच प्रश्न असतो: फाईल डिस्कवरून निघून सॉकेटपर्यंत, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीपर्यंत, जाईतो कुठेही अखंड मेमरीत उभी राहते का? वैशिष्ट्यांच्या यादीत याचे उत्तर सापडत नाही. ४०० एमबीची फाईल घ्यावी, हीप मुद्दाम २५६ एमबीवर आणावा आणि पाठवून पाहावे.

माझी निवड सीएक्सएफ. एमटॉमसाठी एकच गुणधर्म चालू करावा लागतो, पाठवताना डेटाहँडलर प्रवाहाने वाचला जातो, आणि येणाऱ्या अटॅचमेंटसाठी मेमरीत किती ठेवायचे, त्यापुढचे कोणत्या डिरेक्टरीत लिहायचे आणि जास्तीत जास्त किती स्वीकारायचे, या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ठरवता येतात. मूळ सेटिंगप्रमाणे १०० केबीच्या पुढची अटॅचमेंट ते तात्पुरत्या फाईलीत उतरवते. अ‍ॅक्सिस-२ मध्येही डिस्कवर उतरवण्याची सोय आहे आणि त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे, परंतु आपल्यासारख्या दोघांच्या चमूला त्याची मॉड्यूले, संग्रह-फाईली आणि स्वतःची डेटाबाइंडिंग पद्धत शिकण्यात जाणारा वेळ मला परवडणारा वाटत नाही. स्प्रिंग-डब्ल्यूएस आपली बाकीची प्रणाली स्प्रिंगवर असेल तरच घ्यावे, आणि तेव्हाही सॅज या सोप संदेश हाताळणाऱ्या जावाच्या लायब्ररीवर आधारलेला संदेश मेमरीत पूर्ण वृक्ष म्हणून उभा राहतो हे लक्षात ठेवावे.

आवृत्तीचेही सांगतो. जावा ११ पासून जॅक्स-डब्ल्यूएस (सोप सेवांसाठीचा जावाचा भाग) हे जावाच्या संचातून काढलेले आहे, त्यामुळे जावा ८ वर जे आपोआप मिळत होते ते आता स्वतः जोडावे लागते. सीएक्सएफ ४ ला जावा १७ लागते आणि त्यात पॅकेजांची नावे जावाएक्सऐवजी जकार्ताने सुरू होतात. कोड नव्याने लिहिणारच असाल तर थेट तिकडे जा. ८ वर राहून ३.५ घेतले, तर दोन वर्षांनी हेच काम पुन्हा अंगावर येईल.

मुलुंडचा प्रवासी यांचे उत्तर

सावधपाऊल यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु मेट्रोला त्यांनी एका वाक्याचाही न्याय दिला नाही, म्हणून लिहितो.

एका रुग्णालयासाठी सीटी स्कॅनच्या मोठ्या फाईली घेणारी सेवा आम्ही मेट्रोवर बांधली होती आणि ती सहा वर्षे चालली. मेट्रोमध्ये येणाऱ्या अटॅचमेंटसाठी खास स्ट्रीमिंग डेटाहँडलर आहे. त्याची मूव्ह-टू ही क्रिया वापरली की आलेली फाईल थेट हव्या त्या जागी नेता येते, म्हणजे तात्पुरत्या फाईलीतून पुन्हा प्रत काढण्याचे श्रम वाचतात. फाईली घेणारी बाजू आपली असती तर मी आजही मेट्रोच सुचवले असते.

पण आपण पाठवणारे आहात आणि नेमकी तिथेच मेट्रोची एक खोच आहे, जिच्यापायी आमचे चार दिवस गेले. मेट्रोचा क्लायंट जावाच्या मूळ एचटीटीपी जोडणीवर चालतो, आणि ती जोडणी काहीच सांगितले नाही तर विनंतीचा सगळा मजकूर आधी मेमरीत गोळा करते, त्याची लांबी मोजते आणि मग पाठवते. डेटाहँडलर आहे, एमटॉम चालू आहे, सारे यथासांग आहे, तरीही मेमरी संपते. स्ट्रीमिंग चंक साइज हा गुणधर्म विनंतीच्या संदर्भात घातला की (आम्ही ८१९२ ठेवला होता) मजकूर तुकड्यातुकड्यांनी जाऊ लागतो; यालाच चंकिंग म्हणतात. सीएक्सएफ मूळ सेटिंगमध्येच मोठा मजकूर चंकिंगने पाठवते, म्हणून आपल्या कामासाठी मीही सीएक्सएफच्या बाजूने मत देतो.

आणखी एक विचारतो. करारात संदेशावर डिजिटल सही करण्याची अट आहे का? असेल तर हिशेब बदलतो. एमटॉममध्ये सही फाईलच्या बेस६४ रूपावर केलेली मानली जाते, म्हणजे सही करण्यासाठी सगळा आशय त्या रूपातून एकदा न्यावा लागतो आणि कित्येक ठिकाणी तो एक्सएमएलमध्ये परत भरला जातो. वाहतूक टीएलएसच्या सुरक्षित जोडणीवर आणि ओळख क्लायंटच्या प्रमाणपत्राने, एवढ्यावर समोरच्यांचे समाधान होत असेल तर आग्रहाने तेच मागून घ्या.

कोरी पाटी यांचे उत्तर

फाईली सोपमधून पाठवायच्याच कशाला? ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडमधल्या फाईलसाठ्यात) अल्प मुदतीच्या सही केलेल्या दुव्यावर प्रत्येक छायाचित्र स्वतंत्रपणे चढवावे आणि सोपच्या संदेशात फक्त त्याचा संदर्भ व हॅश (फाईलच्या आशयावरून काढलेला ठसा) पाठवावा. चाळीसपैकी एकोणचाळिसावे छायाचित्र जाताना जोडणी तुटली तर तेवढे एकच पुन्हा पाठवावे लागते. एमटॉमच्या एकाच विनंतीत मात्र सगळेच पहिल्यापासून. पावसाळ्यात न्हावाशेव्याच्या यार्डात मोबाइलची जोडणी कशी असते ते आपण जाणताच.

बॅलार्डकर

सर्वांचे मनापासून आभार. कोरी पाटी, आपली सूचना मला पटते आणि सर्वेअरच्या मोबाइलपासून आमच्या सर्व्हरपर्यंतचा टप्पा आम्ही तसाच करणार आहोत, कारण तो आमच्या हातात आहे. आमच्या सर्व्हरपासून विमा कंपनीपर्यंतचा करार मात्र त्यांचा आहे आणि तिथे सोपला पर्याय नाही. संदेशावर सहीची अट नाही, फक्त क्लायंटचे प्रमाणपत्र लागते. हे वाचून मुलुंडच्या प्रवाशांनाही बरे वाटेल.

जावा १७ आणि सीएक्सएफ ४ घेऊन गेले आठ दिवस काम केले. हीप २५६ एमबीवर आणून ४०० एमबीची फाईल पाठवण्याची चाचणी आमच्याच एका तात्पुरत्या सेवेविरुद्ध पार पडली. परंतु खऱ्या डब्ल्यूएसडीएलवर आल्यावर असे काही दिसले, की ते इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

पीडीएफच्या घटकाला डेटाहँडलर मिळाला, छायाचित्राच्या घटकाला मात्र जावाचा इमेज हा प्रकार मिळाला. त्यांच्या स्कीमात छायाचित्राचा अपेक्षित आशयप्रकार इमेज/जेपेग असा लिहिलेला आहे आणि स्कीमावरून जावाचे प्रकार बनवणारे जॅक्सबी त्या खुणेवरून इमेजच तयार करते. याचा अर्थ असा की पाठवताना छायाचित्र आधी उलगडून मेमरीत पूर्ण चित्र म्हणून उभे राहते आणि नंतर पुन्हा जेपेग म्हणून लिहिले जाते. १२ मेगापिक्सेलचे एक चित्र उलगडले की ३६ ते ४८ एमबी घेते, ही एक गोष्ट. त्याहून गंभीर गोष्ट मला हॅश ताडून पाहिल्यावर कळली. भिवंडीतल्या भिजलेल्या कापडाच्या गाठींचे एक छायाचित्र मी पाठवले आणि पलीकडे उतरलेली फाईल उघडली. चित्र दिसायला तेच होते, पण आकार निम्म्याच्या खाली आला होता आणि छायाचित्र केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने आणि कोणत्या ठिकाणी काढले, ती सगळी आतली नोंद नाहीशी झाली होती. दाव्याच्या छायाचित्राचे मोल त्या नोंदीत असते. मूळ छायाचित्रेच पाठवावीत ही अट पाळतो आहोत असे समजून आम्ही प्रत्येक वेळी नक्कल पाठवली असती, आणि कोणतीही त्रुटी न दिसता हे वर्षभर चालू राहिले असते.

उपाय म्हणून स्कीमाची स्थानिक प्रत घेऊन त्या घटकावरची खूण ऑक्टेट-स्ट्रीम अशी बदलली आणि कोड पुन्हा तयार केला. आता तिथेही डेटाहँडलर आहे, त्याच्या डेटासोर्सचा आशयप्रकार आम्ही स्वतः इमेज/जेपेग असा देतो आणि दोन्ही टोकांचे हॅश जुळतात. तारेवर जाणाऱ्या एक्सएमएलमध्ये यामुळे काहीच बदलत नाही, हे संदेश उतरवून घेऊन तपासले.

एक अडचण उरली आहे. त्यांच्या चाचणी सर्व्हरकडून ४११ हा प्रतिसाद येतो, म्हणजे लांबी सांगितल्याशिवाय ते विनंती घेत नाहीत. चंकिंग बंद केले तर छोटा दावा जातो, पण मग मेमरी पुन्हा चढू लागते.

मुलुंडचा प्रवासी

हे होणारच होते. चंकिंगमध्ये एकूण लांबी आधी सांगितली जात नाही आणि आपण ते बंद केले की लांबी मोजण्यासाठी क्लायंट सगळा मजकूर धरून ठेवतो. एचटीटीपी १.१ पाळणाऱ्या प्रत्येकाला चंकिंग वाचता आलेच पाहिजे, तरीही लांबी मागण्याचा अधिकार सर्व्हरला आहे, त्यामुळे त्यांना चूक ठरवता येत नाही. बहुतेक वेळा मूळ सेवेला चंकिंग चालते आणि पुढे बसवलेले एखादे प्रॉक्सी किंवा सुरक्षा उपकरण ते अडवते. त्यांच्या नेटवर्क पाहणाऱ्या लोकांशी थेट बोलून पाहा.

त्याच बोलण्यात आकाराच्या मर्यादाही विचारून घ्या. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते आणि ती ओलांडली की ४१३ येतो. मागे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली डब्ल्यूसीएफ ही सेवाप्रणाली असेल तर त्याची मूळ मर्यादा ६५,५३६ बाइटांची असते. आपला छोटा दावा गेला त्या अर्थी त्यांनी या मर्यादा वाढवलेल्या आहेत, पण १४० एमबीपर्यंत वाढवल्या आहेत का, हे लेखी घ्या.

सावधपाऊल

इमेजच्या प्रकाराबद्दल बॅलार्डकरांनी जे लिहिले, ते माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवे होते. मी आजवर पीडीएफच पाठवत आलो, म्हणून तो प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

४११ साठी त्यांनी नकार दिला तर एक मार्ग आहे. पूर्ण मल्टिपार्ट संदेश आधी डिस्कवरच्या एका तात्पुरत्या फाईलीत लिहावा, तिचा आकार पाहावा आणि तेवढी लांबी जाहीर करून ती फाईल प्रवाहाने पाठवावी. डिस्कवर एकदा जास्त लिहिले जाते, पण मेमरी वाढत नाही आणि पाठवणे फसले तर तीच फाईल पुन्हा पाठवता येते, संदेश नव्याने रचावा लागत नाही.

यासाठी आणि आलेल्या अटॅचमेंटसाठीही तात्पुरती डिरेक्टरी स्वतंत्र ठेवा. काहीच सांगितले नाही तर सर्व काही जावाच्या सर्वसाधारण तात्पुरत्या डिरेक्टरीत पडते आणि अटॅचमेंटचा प्रवाह कोडमध्ये बंद करायचा राहिला की फाईली तिथेच साचतात. आमच्याकडे एका शनिवारी रात्री त्या डिरेक्टरीने डिस्कचे मूळ विभाजनच भरून टाकले आणि सोमवारी लॉगसुद्धा लिहिता येईना. प्रत्येक प्रवाह ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपताच तो आपोआप बंद करणाऱ्या जावाच्या रचनेत) घ्या आणि एक दिवसापेक्षा जुन्या फाईली काढणारे छोटे काम रात्री चालवा.

पुढेमागे फाईली स्वीकारणारी सेवाही उघडणार असाल, तर सीएक्सएफची आवृत्ती जुनी ठेवू नका. २०२२ मध्ये नोंदवलेल्या एका दोषात एमटॉमच्या इनक्लूड घटकात बाहेरचा पत्ता देऊन सर्व्हरला तिकडे विनंती करायला लावता येत होते, ३.५.५ आणि ३.४.१० या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला.

बॅलार्डकर

त्यांच्या नेटवर्क विभागाशी आज बोललो. अडवणूक पुढच्या उपकरणावरच होती. चंकिंगची परवानगी द्यायला त्यांना अंतर्गत मंजुरी लागेल आणि तिला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, म्हणून तूर्त डिस्कवर संदेश लिहून लांबी सांगण्याचा मार्ग धरला आहे. आकाराची मर्यादा २०० एमबी असल्याचे ईमेलने कळवले आहे. दुपारी एका जुन्या दाव्याची ३८ मूळ छायाचित्रे, अहवाल आणि स्कॅन प्रती एकाच विनंतीत गेल्या, ३८ च्या ३८ हॅश जुळले आणि हीप पूर्ण वेळ ९० एमबीच्या खाली राहिला. तात्पुरत्या डिरेक्टरीसाठी वेगळे विभाजन सोमवारी करून घेतो.